स्वस्त हॅम रेडिओ घ्यावा का? क्वालिटी आणि कस्टमर सर्व्हिसची पूर्ण माहिती

ट्रेकला गेल्यावर मोबाईलचं नेटवर्क जातं, पुरात टॉवर बंद पडतात, आणि मग कोणीतरी सांगतं की हॅम रेडिओ घे, त्याला टॉवर लागत नाही, रिचार्ज लागत नाही. यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघितले की दोन-तीन हजारांचा चिनी हँडसेट समोर येतो. खाली रिव्ह्यू असतात, अर्धे ‘एक नंबर’ म्हणणारे आणि अर्धे ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणणारे.

मला सगळ्यात जास्त दोनच प्रश्न विचारले जातात. एवढा स्वस्त सेट चांगला असेल का? आणि बिघडला तर बघणार कोण?

थोडक्यात उत्तर असं. सेट वाईट नसतो. पण महागड्या कंपन्या कारखान्यात प्रत्येक सेटची जी तपासणी करतात आणि विक्रीनंतर जी सर्व्हिस देतात, त्या दोन्ही गोष्टी स्वस्त सेटच्या किमतीतून वजा झालेल्या असतात. ती दोन्ही कामं घेणाऱ्याच्या अंगावर येतात. हे माहीत असेल तर स्वस्त सेट फायद्याचा सौदा आहे, माहीत नसेल तर डोकेदुखी. या लेखात आपण हेच सविस्तर बघू.

आधी परवाना, मग सेट

हॅम रेडिओ म्हणजे हौशी रेडिओ. परवाना घेतलेली माणसं ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सीवर एकमेकांशी बोलतात, प्रयोग करतात आणि गरज पडली तर आपत्तीत मदतही करतात. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमान-निकोबारमध्ये फोन बंद पडले, तेव्हा तिथे आधीच प्रयोगासाठी गेलेल्या हॅम मंडळींच्या रेडिओवरूनच कितीतरी निरोप पोहोचले.

भारतात १९७८ च्या हौशी रेडिओ नियमांनुसार केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून परवाना मिळतो. वय किमान १२ वर्षं लागतं. परीक्षेत रेडिओची मूलभूत माहिती आणि नियम असे दोन भाग असतात. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोड लागत नाही, जनरल ग्रेडला लागतो. पास झाल्यावर तुम्हाला व्हीयू ने सुरू होणारा तुमचा कॉलसाइन मिळतो.

हा परवाना नसताना हँडसेटवरून बोलणं सोडाच, तो जवळ बाळगणंही बेकायदेशीर आहे. ‘ऑनलाइन मिळतोय म्हणजे चालत असेल’ हा समज डोक्यातून काढा. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकीच्या बेकायदा विक्रीबद्दल १३ ई-कॉमर्स प्लॅटफॉर्मना नोटिसा काढल्या. फ्रिक्वेन्सी कोणती, परवाना लागतो का, सरकारी मान्यता आहे का, यातलं काहीच लिस्टिंगवर नीट लिहिलेलं नव्हतं. त्यानंतर अशा विक्रीसाठी खास मार्गदर्शक सूचनाही आल्या.

परवाना नकोच असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणारे कमी ताकदीचे, सरकारी मान्यता असलेले वॉकी-टॉकी मिळतात. ट्रेकच्या ग्रुपला ते पुरतात. ते हॅम रेडिओ नाहीत, आणि या लेखातला सेटही तो नाही.

दोन-तीन हजारात रेडिओ बनतो तरी कसा?

या गोष्टीची सुरुवात झाली २०१२ च्या सुमारास. चीनच्या फूजियान प्रांतातल्या बाओफेंग कंपनीचा यूव्ही-५आर हा सेट बाजारात आला. व्हीएचएफ आणि यूएचएफ असे दोन बँड, १२८ चॅनेल, जाहिरातीत ४ वॅट ताकद, आणि किंमत हळूहळू २५ डॉलरच्या आसपास. त्या वेळी याएसू, आयकॉम, केनवुड या जपानी कंपन्यांच्या दोन बँडच्या सेटला शंभर डॉलरच्या वर मोजावे लागायचे.

किंमत पडली ती मुख्यतः एका चिपमुळे. जुन्या पद्धतीच्या रेडिओत सिग्नल घेणं, गाळणं, त्याचा आवाज करणं यासाठी वेगवेगळे भाग असायचे. इथे जवळपास सगळं एका छोट्या चिपमध्ये आहे. बाजूला फक्त ताकद वाढवणारा ट्रान्झिस्टर, थोडे फिल्टर, बॅटरी आणि स्क्रीन. २०२३ पासून गाजलेला क्वानशेंग यूव्ही-के५ हा सेटसुद्धा याच पद्धतीचा आहे, फक्त त्याची चिप वेगळी.

आता चिप चांगलीच असते. पैसे वाचवले जातात ते तिच्या आजूबाजूला, म्हणजे फिल्टरमध्ये, जुळवणीत आणि तपासणीत. म्हणूनच एकाच मॉडेलचे दोन सेट दोन तऱ्हेचे निघतात. एकाचा रिव्ह्यू पाच स्टार, दुसऱ्याचा एक, आणि दोघंही खरंच बोलत असतात.

क्वालिटी नेमकी कुठे कमी पडते?

१. नको तिथे जाणारा सिग्नल

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण बाकीच्या दोषांचा त्रास तुम्हाला होतो आणि याचा त्रास दुसऱ्याला होतो.

समजा तुम्ही १४५ मेगाहर्ट्झवर बोलताय. कोणताही ट्रान्समीटर त्याच वेळी दुप्पट म्हणजे २९० आणि तिप्पट म्हणजे ४३५ मेगाहर्ट्झवरही थोडा सिग्नल सोडतो. याला हार्मोनिक म्हणतात. ते गाळायला अँटेनाच्या आधी कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर असतो. फिल्टर चांगला असेल तर हार्मोनिक इतके क्षीण होतात की कोणाला पत्ताच लागत नाही. स्वस्त सेटमध्ये फिल्टर जेमतेम असतो, आणि कॉइलचे वेढे थोडे सैल-घट्ट झाले की गाळणं बिघडतं.

किती गाळायला हवं? अमेरिकेचा नियम उदाहरणादाखल घेऊ. व्हीएचएफवर २५ वॅटपर्यंतच्या हॅम ट्रान्समीटरचा असा फालतू सिग्नल मूळ सिग्नलपेक्षा किमान ४० डेसिबल कमी हवा आणि २५ मायक्रोवॅटपेक्षा जास्तही नको. ४ वॅटच्या सेटसाठी २५ मायक्रोवॅट म्हणजे मूळ ताकदीचा १ लाख ६० हजारावा भाग, म्हणजे सुमारे ५२ डेसिबल कमी. जपानी कंपन्यांच्या सेटला हे सहज जमतं. अमेरिकेतल्या एआरआरएल या हॅम संघटनेच्या प्रयोगशाळेने ओहायोतल्या हॅमव्हेन्शनसारख्या मेळाव्यांत लोकांचे हँडसेट मोजले, तेव्हा नावाजलेल्या कंपन्यांचे सेट जवळपास सगळे पास झाले आणि स्वस्त सेटमधले बरेचसे व्हीएचएफवर नापास झाले. लक्षात घ्या, सगळे नापास झाले नाहीत. काही सेट एकदम स्वच्छ निघाले. तुमच्या हातात कुठला येईल हे मोजल्याशिवाय कळत नाही.

आणि तक्रार आलीच तर ती कारखान्याकडे जात नाही. हवेत गेलेल्या सिग्नलची जबाबदारी परवानाधारकाची. कॉलसाइन तुमचा, उत्तरही तुम्हीच द्यायचं.

२. शहरात बहिरा होणारा रिसीव्हर

सेट घरी आणला, गच्चीवर गेलात, आणि मित्राचा आवाज मधूनच गायब. मित्राला वाटतं तुमचा सेट खराब आहे. खरं तर जवळच्या टॉवरचे जोरदार सिग्नल रिसीव्हरमध्ये घुसतात आणि लांबचा बारीक सिग्नल दबून जातो. महाग सेटमध्ये दारातच फिल्टर असतात, ते नको असलेल्याला आत येऊ देत नाहीत. एका चिपच्या सेटमध्ये दार जवळजवळ उघडंच असतं.

मुंबई-पुण्याच्या मधल्या वस्तीत हा दोष ठळक दिसतो. तोच सेट गावाकडे किंवा किल्ल्यावर नेला की छान ऐकू येतं. मोठी अँटेना लावली तर शहरात त्रास कधी कधी वाढतो, कारण नको असलेले सिग्नलही जास्त येतात.

३. वॅटचे मोठे आकडे

‘८ वॅट’, ‘१० वॅट’ असं बॉक्सवर मोठ्या अक्षरात असतं. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक म्हणजे मोजल्यावर तेवढे भरतीलच असं नाही. दुसरं म्हणजे भरले तरी फरक थोडाच पडतो. ताकद दुप्पट केली तर सिग्नल ३ डेसिबलने वाढतो. समोरच्याच्या मीटरवर एक घर पुढे जायला ६ डेसिबल, म्हणजे चौपट ताकद लागते. ४ चे ८ वॅट केल्याने अर्धं घर. उलट बॅटरी लवकर उतरते आणि सेट तापतो.

त्यापेक्षा अँटेना आणि उंची बघा. सेटबरोबर येणारी आखूड रबरी अँटेना म्हणजे तडजोड असते. १४५ मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबी सुमारे ५० सेंटीमीटर होते. लांब अँटेना लावून सिंहगडावर उभं राहिलात तर ४ वॅटसुद्धा भरपूर, आणि तळमजल्यावरच्या खोलीत १० वॅटही कमीच.

४. बारीकसारीक गोष्टी

पीटीटी बटण अडकणं, अँटेनाचा सॉकेट सैल असणं, माइकचा आवाज बारीक जाणं, बॅटरीवर लिहिलेली क्षमता प्रत्यक्षात नसणं, मेन्यूतली भाषा आणि मॅन्युअल न समजणं. यातलं एखादं निघेल हे गृहीत धरूनच चाला.

अमेरिकेत काय घडलं?

यूव्ही-५आरची जी आवृत्ती अमेरिकेत विकली जात होती, तिच्याबद्दल ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या एफसीसी या सरकारी यंत्रणेने आयात करणाऱ्या कंपनीला ताकीद दिली. सेटला मान्यता मिळाली होती मर्यादित फ्रिक्वेन्सी आणि ताकदीसाठी. प्रत्यक्षात तो बटणं दाबून मान्यता नसलेल्या फ्रिक्वेन्सीवरही बोलू शकत होता. पुढच्याच महिन्यात एफसीसीने अशा सगळ्या स्वस्त सेटबद्दल जाहीर सूचना काढली.

आपल्यासाठी यात धडा आहे. यूव्ही-५आर साधारण १३६ ते १७४ आणि ४०० मेगाहर्ट्झच्या पुढे उघडा असतो. भारतात हॅमना व्हीएचएफवर १४४ ते १४६ आणि यूएचएफवर ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झच दिलेले आहेत. बाकीच्या जागेत पोलीस, रेल्वे, जहाजं आणि इतर सेवा आहेत. सेट तुम्हाला अडवणार नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी फक्त परवानगी असलेले चॅनेल भरून घ्या आणि मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर चुकून बटण दाबलं जाणार नाही अशी सोय करा.

कस्टमर सर्व्हिस: नक्की कोणाची?

स्वस्त सेट घेताना पहिला गोंधळ हा की विकणारा, आयात करणारा, नाव लावणारा आणि बनवणारा हे चार वेगवेगळे असू शकतात. एकच सेट तीन नावांनी विकला जातो. काही वेळा नाव सारखं असतं आणि कंपनी दुसरीच.

याचं चांगलं उदाहरण अमेरिकेतली बीटेक कंपनी. तिच्या नावात बाओफेंग आहे, पण ती दक्षिण डकोटा राज्यातली वेगळी कंपनी. ती सेट मागवते, स्वतः वॉरंटी देते, इंग्रजीत नीट मॅन्युअल देते, फोन-ईमेलला उत्तर देते. त्यासाठी ती थोडे जास्त पैसे घेते. तिथले लोक ‘बाओफेंगची सर्व्हिस मस्त आहे’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा ते बीटेकबद्दल बोलत असतात. आपण कुठल्या तरी तिसऱ्याच विक्रेत्याकडून घेतलेल्या सेटला ते लागू होत नाही.

आपल्याकडचा अनुभव सांगतो. मी घेतलेल्या एका सेटचं पीटीटी बटण चौथ्या दिवशी अडकायला लागलं. विक्रेत्याने आधी व्हिडिओ मागितला, मग दुसऱ्या बाजूने व्हिडिओ मागितला, मग ‘बॅटरी काढून परत लावून बघा सर’. शेवटी म्हणाला, सेट ठेवून घ्या, दीडशे रुपये परत देतो. तोवर परत करायची मुदत संपत आली होती. मी प्लॅटफॉर्मवरच तक्रार टाकली आणि सेट बदलून घेतला. मोठ्याने भांडण वगैरे काही नाही. तारीख आणि पुरावा हातात होता म्हणून काम झालं.

या प्रकारात विक्रेत्याचंही एक गणित असतं. दोन हजारांच्या सेटमध्ये त्याला सुटतात थोडेच पैसे. सेट परत मागवून दुरुस्त करून पाठवायचा तर कुरिअरमध्येच ते जातात. म्हणून दुरुस्ती हा प्रकार जवळपास नसतोच. एक तर बदली, नाही तर थोडे पैसे परत, नाही तर वेळकाढूपणा. याएसू किंवा आयकॉमच्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या सेटला मात्र सर्व्हिस मॅन्युअल असतं, सुटे भाग मिळतात, आणि दहा वर्षांनीही तो उघडून दुरुस्त करता येतो. जास्तीचे पैसे तिथे जातात.

तुमचे हक्क काय आहेत?

२०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक नियमांनुसार प्लॅटफॉर्मला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करावं लागतं. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यापुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि तक्रार ऑनलाइन करता येते.

आयात केलेल्या पॅकवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि कुठल्या देशात बनलं हे छापलेलं असायला हवं. बॉक्सवर हे नसेल तर सेट आडमार्गाने आलाय असं समजा. अशा सेटची तक्रार घेऊन गेलात की पहिला प्रश्न तुमच्यावरच येऊ शकतो. म्हणून बिल, परवाना आणि मान्यता या तिन्ही गोष्टी सरळ असलेल्या बऱ्या.

पहिल्या सात दिवसांत करायच्या तपासण्या

परत करण्याची मुदत बऱ्याचदा ७ ते १० दिवसांची असते. त्यामुळे सेट आल्यावर कपाटात ठेवू नका. परवाना हातात आल्यावरच सेट मागवा, म्हणजे या सगळ्या तपासण्या लगेच करता येतील.

१. बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ मोबाईलवर काढा. सिरियल नंबर, आयातदाराचं लेबल आणि बॉक्समधल्या सगळ्या वस्तू त्यात दिसू द्या.

२. पहिलं चार्जिंग डोळ्यांसमोर करा. बॅटरी खूप तापली किंवा फुगल्यासारखी वाटली तर तिथेच थांबा. रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.

३. प्रत्येक बटण, आवाजाचा नॉब, टॉर्च, हेडफोनचा सॉकेट तपासा. पीटीटी पन्नास वेळा दाबून बघा, पण त्या वेळी सेट बंद ठेवा.

४. अँटेना न लावता कधीही ट्रान्समिट करू नका. ताकद मोजताना ५० ओमचा डमी लोड आणि पॉवर मीटर वापरा. आपल्याकडे नसेल तर ओळखीच्या हॅमकडे असतो. दोन्ही बँडवर, हाय आणि लो दोन्ही ताकदीला मोजा.

५. जवळच्या रिपीटरवरून किंवा थेट दुसऱ्या हॅमशी बोला आणि आवाजाचा रिपोर्ट मागा. आवाज बारीक आहे, घरघर आहे, वाक्याची सुरुवात कापली जाते, हे समोरचाच सांगू शकतो.

६. एका चांगल्या सेटशेजारी आपला सेट ठेवून तोच बारीक सिग्नल ऐका. घरात एकदा आणि मोकळ्या मैदानात एकदा. फरक फक्त घरात पडत असेल तर तो टॉवरचा त्रास आहे, सेट बदलून उपयोग नाही.

७. जमल्यास हार्मोनिक मोजा. टायनीएसए नावाचं छोटं स्पेक्ट्रम अॅनालायझर बऱ्याच हॅमकडे असतं. सेट थेट त्याला जोडला तर ते जळेल. मध्ये ४० डेसिबलचा, सेटची ताकद झेपेल असा अॅटेन्युएटर हवाच. यूएसबी डोंगलवर दिसणाऱ्या हार्मोनिकवर मात्र लगेच विश्वास ठेवू नका. जवळच्या जोरदार सिग्नलने डोंगल स्वतःच खोटे सिग्नल दाखवतं.

यातला एखादा दोष निघाला तर विक्रेत्याच्या चॅटमध्ये गप्पा मारत बसण्याआधी प्लॅटफॉर्मवर अधिकृत रिटर्न टाका. चॅट नंतरही करता येतं, मुदत परत येत नाही.

अॅक्सेसरीजमधले सापळे

केबल. कॉम्प्युटरवरून चॅनेल भरायची केबल स्वस्तात मिळते, पण आत बऱ्याचदा प्रोलिफिक कंपनीच्या चिपची नक्कल असते. कंपनीचा नवा विंडोज ड्रायव्हर नकली चिप ओळखतो आणि चालत नाही. लोक सेटला दोष देतात. खात्रीच्या चिपची केबल घ्या. थोडे पैसे जातील, पण दोन दिवस वाचतील.

अँटेना. नागोया नावाच्या अँटेनाच्या नकला इतक्या आहेत की अस्सल ओळखणंच कठीण. दिसायला तीच, आतली जुळवणी वेगळी. अँटेना घेतल्यावर नॅनोव्हीएनए या छोट्या यंत्रावर एकदा तपासून घ्या. त्या यंत्राच्याही नकला मिळतात, तेव्हा हॅम मित्राचं यंत्र वापरणं बरं.

कनेक्टर. यूव्ही-५आर सेटवर एसएमए मेल असतो, याएसू-आयकॉमच्या बऱ्याच हँडसेटवर एसएमए फीमेल. एकाची अँटेना दुसऱ्याला बसत नाही. ऑर्डर टाकण्याआधी फोटो बघा.

बॅटरी. जास्तीची बॅटरी सेटबरोबरच घ्या, वेगळी नंतर मिळेलच असं नाही. मॉडेलचं नाव तेच असलं तरी वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या बॅटऱ्या जुळत नाहीत.

खरी सर्व्हिस मिळते ती हॅम मंडळींकडून

एवढं सगळं असूनही जगभर हे सेट का चालतात? कारण कंपनीने जे केलं नाही ते लोकांनी केलं. चर्प नावाचं मोफत सॉफ्टवेअर हॅम मंडळींनीच बनवलं. वेगवेगळ्या कंपन्यांचे शेकडो सेट त्यावर प्रोग्रॅम होतात, आणि स्वस्त सेटबरोबर येणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा ते कितीतरी सोपं आहे. यूव्ही-के५ च्या बाबतीत तर लोकांनी पूर्ण फर्मवेअर नव्याने लिहिलं. दोन-तीन हजारांच्या सेटला नवीन मेन्यू आणि स्पेक्ट्रम दाखवणारी स्क्रीन मिळाली.

फर्मवेअर बदलण्याआधी मात्र जुन्या सेटिंगचा बॅकअप घ्या. सेटच्या कारखान्यातल्या जुळवणीचे आकडे त्यात असतात आणि ते प्रत्येक सेटचे वेगळे. दुसऱ्याच्या सेटची फाइल तुमच्या सेटमध्ये टाकू नका. आणि बदल केलात की विक्रेता वॉरंटीवरून हात वर करणार, हे धरून चाला.

भारतात १९५४ पासून अॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया आहे. हैदराबादला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओ आहे. मोठ्या शहरांत हॅम क्लब आहेत. परीक्षेच्या तयारीसाठी तिथे गेलात की मोजमापाची यंत्रं, जुना अनुभव आणि कोणता विक्रेता सरळ आहे ही माहिती एकाच जागी मिळते. बहुतेक ज्येष्ठ मंडळी नवीन मुलाला सेट उघडून दाखवायला एका पायावर तयार असतात. हीच तुमची कस्टमर सर्व्हिस. कॉल सेंटरपेक्षा चांगली, आणि फुकट.

मग घ्यायचा का?

माझं मत सरळ सांगतो.

परवाना नुकताच मिळालाय, शिकायचंय, जवळच्या रिपीटरवर बोलायचंय: स्वस्त सेट जरूर घ्या. पडला, भिजला, चुकीचं बटण दाबलं तरी जीव कासावीस होत नाही. शिकण्यासाठी याहून चांगला सेट नाही.

रोज शहराच्या मध्यावरून वापरणार आहात: थोडे दिवस थांबा, पैसे साठवा आणि याएसू एफटी-६५आर सारखा नावाजलेल्या कंपनीचा साधा सेट बघा. स्क्रीन साधी असेल, पण ऐकू जास्त येईल.

बचाव पथक, गिर्यारोहण, पूरस्थिती अशा कामासाठी हवा आहे: इथे स्वस्त सेट एकटा नको. दरीत उतरलेल्या माणसाच्या हातात अडकणारं पीटीटी म्हणजे गंमत नाही. मुख्य सेट खात्रीचा हवा. स्वस्त सेट जास्तीचा म्हणून ठेवा, आणि तोही आधी तपासून.

परवाना नाही, फक्त कुतूहल आहे: अजून काहीच विकत घेऊ नका. मोबाईलच्या ब्राउझरवर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातला वेबएसडीआर उघडा आणि जगभरचे हॅम काय बोलतात ते ऐका. आवडलं तर परीक्षेला बसा. कॉलसाइन मिळाला की इकोलिंक अॅपवरून मोबाईलनेच इतर हॅमशी बोलता येतं, सेट नंतर घेतला तरी चालतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

स्वस्त सेट किती दिवस टिकतो? नीट वापरला तर काही वर्षं सहज. आधी जाते ती बॅटरी, मग पीटीटी आणि अँटेनाचा सॉकेट. आतली चिप क्वचितच जाते.

लो पॉवरवर ठेवला तर हार्मोनिक कमी होतात का? बहुतेक वेळा होतात, पण ही हमी नाही. मोजल्याशिवाय खात्री धरू नका.

परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवला तर? येताना बॅगेत टाकून आणणं सोपं वाटतं, पण रेडिओ ट्रान्समीटर आयात करायचे वेगळे नियम आहेत. आधी परवाना आणि लागणारी परवानगी बघा. शिवाय तिथली वॉरंटी इथे चालत नाही.

सेकंडहँड जपानी सेट घ्यावा का? ओळखीच्या हॅमकडून, चालू करून बघून मिळत असेल तर हा उत्तम पर्याय आहे. नव्या स्वस्त सेटपेक्षा थोडे जास्त पैसे जातील. व्यवहार परवानाधारकांमध्येच करा आणि त्याची लेखी नोंद ठेवा.

शेवटी एकच सांगतो. सेट घेताना किमतीच्या शेजारी दोन रकाने करा: तपासणार कोण आणि दुरुस्त करणार कोण. महाग सेट घेतलात तर दोन्हीत कंपनीचं नाव येतं. स्वस्त घेतलात तर पहिल्यात तुमचं आणि दुसऱ्यात तुमच्या हॅम मित्रांचं. दोन्ही रकाने भरलेले असतील तर खुशाल ऑर्डर टाका.